हस्ते दिवाणजी

माझ्या पिढीतले बरेचसे इचलकरंजीकर एक जूनला जन्मले. त्या दिवशी पेन्शनीच्या रांगेत कुणी पेढे वाटायला काढले, तर देणारा आणि घेणारा दोघेही उत्सवमूर्ती निघतात आणि मग कुणी कुणाला शुभेच्छा द्यायच्या यावर थोडा घोळ होतो. मृग निघायच्या आधी एवढ्या बाळंतिणी गावात एकाच दिवशी कशा मोकळ्या झाल्या असतील, असा प्रश्न परगावच्या माणसाला पडावा. खुलासा साधा आहे. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराचं बखोट धरून गुरुजींपुढं उभा राहायचा आणि जन्मतारीख विचारली की म्हणायचा, “पंचगंगेला मोठं पाणी आलं त्या साली, गौरी-गणपतीच्या मागं-पुढं.” एवढा पुरावा सरकारी रकान्यात बसत नसे. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाती लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं. त्यातून साल वजा करायचं आणि पुढं जूनची पहिली तारीख टाकायची. नोकरी, बढती, निवृत्ती, विमा, सगळं पुढं त्या कानावर चाललं. कुंडली मांडणाऱ्या ज्योतिषांचंही या तारखेवाचून अडलं नाही. एकाच मुहूर्तावर जन्मलेल्या माणसांना त्यांनी तितकीच वेगवेगळी भविष्यं सांगितली, आणि तीही थोडीफार खरी ठरली.

त्या गुरुजींबद्दल मला राग तर नाहीच, उलट भाऊबंदकीचा जिव्हाळा आहे. कारण मी जन्मभर दिवाणजी होतो. इचलकरंजीबाहेरच्या वाचकांना दिवाणजी म्हटल्यावर पगडी, उपरणं आणि दरबार दिसत असेल, म्हणून सांगतो: यंत्रमागाच्या कारखान्यात मागांच्या खडखडाटापासून एका काचेपलीकडं बसून, कुणी किती मीटर कापड काढलं, कुणाची उचल किती फिरली, सुताचं बाचकं कधी उतरलं आणि तागे कधी गेले हे वहीत उतरवणारा माणूस म्हणजे दिवाणजी. आमच्या दरबारात एक लाकडी मेज, एक पंखा, भिंतीवर व्यंकटेशाचं कॅलेंडर आणि सगळ्या वह्यांवर बसलेली कापसाची मऊ पांढरी रव. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग चालवला, त्यानंतर गाव कापसाचं झालं. पण मागांच्या मागं एक लिहिणाराही लागतो, हे कुठल्याच इतिहासात येत नाही. ते स्वाभाविक आहे. इतिहास लिहिणाराच लिहितो आणि स्वतःचं नाव तळाशी, बारीक अक्षरात, ‘हस्ते’ म्हणून टाकून उठतो.

हा विषय डोक्यात घुसला तो माझ्या भाचीमुळं. ती इंग्लंडात असते. तिच्या शेजारच्या निवृत्त बाईंना पूर्वज शोधायचा नाद आहे. आपल्याकडं निवृत्तीनंतर माणसं नर्मदा परिक्रमेला निघतात, तिकडं बरीच माणसं पूर्वजांच्या मागं निघतात. बाई आपलं घराणं धरून मागं मागं सरकत पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या कुणा शेतकऱ्यापर्यंत जाऊन पोहोचल्या. त्याची बायको, त्याची सात लेकरं, त्यातली जगलेली तीन, सगळं तारीखवार. भाचीनं कौतुकानं विचारलं, “मामा, आपलं किती मागं जातं?” मी म्हटलं, “पणजोबांपर्यंत. त्याच्या मागं धुकं.” ती म्हणाली, “यांना साडेचारशे वर्षं कशी सापडतात मग?” दिवाणजीला विचारावा असाच प्रश्न होता तो. साडेचारशे वर्षं सापडतात, कारण साडेचारशे वर्षं कुणीतरी कंटाळत का होईना वही भरत होतं.

१५३८ साली आठव्या हेन्रीच्या कारभाऱ्यानं, थॉमस क्रॉमवेलनं, फर्मान काढलं की प्रत्येक चर्चच्या पाद्र्यानं एक वही घालावी आणि आपल्या हद्दीतले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं दर रविवारी साक्षीदारांसमोर त्यात चढवावीत. वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी, एक किल्ली पाद्र्याकडं, दुसरी गावच्या मानकऱ्यांकडं. चुकवाल तर दंड. गावोगावच्या लोकांना लगेच वाटलं की हा नव्या कराचा डाव आहे. आज नाव लिहून घेतात, उद्या पैसे मागायला येतील. (शिरगणतीवाला दारात आला की आमच्या गल्लीतही आधी हीच कुजबूज होते.) पाद्र्यांनी सुट्या कागदांवर कसंबसं लिहिलं, त्याला उंदीर लागले, ओल लागली. मग १५९८ मध्ये हुकूम आला की आता चामड्याच्या टिकाऊ पानांवर वही करा आणि जुनी नोंदही त्यात उतरवून काढा, विशेषतः एलिझाबेथ राणीसाहेब गादीवर आल्या तेव्हापासूनची, म्हणजे १५५८ पासूनची. यातला ‘विशेषतः’ हा शब्द इंग्लंडातल्या कित्येक पाद्र्यांनी दोन्ही हातांनी झेलला असणार. पुष्कळ गावांच्या वह्या नेमक्या १५५८ ला सुरू होतात. मागची वीस वर्षं कुणी उतरवलीच नाहीत. त्या वीस वर्षांत जन्मलेली, लग्न करून मेलेली माणसं एका क्रियाविशेषणाच्या फटीतून खाली गळून गेली. मला हे वाचून हसू आलं आणि लगेच त्या पाद्र्याचा दुखरा अंगठाही दिसला. मार्चअखेरीला जुनी खतावणी नव्या वहीत ओढताना सगळ्या दिवाणजींचा अंगठा तसाच दुखतो.

त्या वह्यांमधून घराणं शोधणं म्हणजे दुसऱ्याच्या सवयींशी जमवून घेणं आहे. तिथं जन्म लिहिलेला नसतो, बाप्तिस्मा असतो; मरण नसतं, दफन असतं. शेक्सपिअरचा बाप्तिस्मा २६ एप्रिल १५६४ ला झाला, म्हणून सगळं जग तेवीस तारखेला त्याची जयंती करतं. हा तीन दिवसांचा हिशेब नंतरच्यांनी अंदाजानं लावलेला. म्हणजे जून नव्हे तर एप्रिल, एवढाच काय तो आमच्यात आणि त्याच्यात फरक. शिवाय तिथं १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. त्यामुळं वहीत एखादं जोडपं जून १६४० मध्ये लग्न करतं आणि त्यांचं पहिलं लेकरू फेब्रुवारी १६४० मध्ये बाप्तिस्म्याला येतं. चारशे वर्षांनी नातवाची पणती डोक्याला हात लावते, घराण्याच्या अब्रूची काळजी करते, आणि मग कुणी जाणकार तिला सांगतो की बाई, त्या वहीत फेब्रुवारी जूनच्या नंतर येतो, तुमची खापरपणजी सुशील होती. आपण याला हसायला नको. आपल्याकडं शक पाडव्याला बदलायचा, शुहूर सन मृगाला बदलायचा, आणि एकाच घरातला धाकटा भाऊ कागदोपत्री थोरला ठरायचा.

पण इचलकरंजीच्या माणसानं खुर्ची सरसावून ऐकावं अशी गोष्ट पुढंच आहे. १६६६ साली, आणि मग १६७८ मध्ये जास्त कडकपणे, इंग्लंडच्या पार्लमेंटनं कायदा केला की प्रत्येक मृताला लोकरीच्याच कफनात पुरायचं. तागाचं, रेशमाचं कापड चालणार नाही. कारण? देशातला लोकरीचा धंदा वाचवायचा होता. दफनानंतर आठ दिवसांत नातेवाइकानं शपथेवर सांगायचं की प्रेताला लोकर गुंडाळली होती, आणि पाद्र्यानं वहीत नावापुढं तशी नोंद करायची. नाहीतर पाच पौंड दंड. दंडाचा अर्धा वाटा गोरगरिबांना आणि अर्धा चहाडी करणाऱ्याला, ही त्यातली व्यवहारी बाजू. ऐपतदार लोक दंड भरून छानछोकीच्या कपड्यात गेले. अ‍ॅन ओल्डफील्ड नावाची नटी १७३० साली उंची लेस लेवून पुरली गेली. कायदा १८१४ पर्यंत पुस्तकात होता. मी हे आमच्या चहाच्या टपरीवर सांगितलं तेव्हा चार खर्चीवाले, म्हणजे दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे, क्षणभर गप्प झाले. मंदी होती, सुताचे भाव चढलेले आणि कापडाला उठाव नव्हता. एकजण हळूच म्हणाला, “तसा कायदा आपल्याकडं कोऱ्या कापडाचा झाला तर?” दुसऱ्यानं त्याला सुनावलं, “आपल्यात कोरंच लागतंय की. कायदा कशाला?” पहिला म्हणाला, “मग मीटर वाढवायला सांगू या.” आणि मरणाच्या विषयावर आम्ही सगळे मनसोक्त हसलो.

मोठ्या घरांचं पाणी वेगळं असतं. आमच्या गावच्या जहागीरदारांचं घराणं शोधायला कुठल्याच पाद्र्याची वही लागत नाही. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी १९१३ मध्ये ‘इचलकरंजी संस्थानचा इतिहास’ म्हणून अख्खं पुस्तक लिहून ठेवलं आहे. तरी त्यातही गंमत आहे. मूळपुरुष नारो महादेव जोशी, कोकणातल्या म्हापणचे. ते सेनापती संताजी घोरपड्यांच्या पदरी वाढले आणि धन्यावरच्या निष्ठेनं त्यांनी त्याचंच आडनाव घेतलं. आता इंग्लंडातल्या त्या बाईंसारखं कुणी नुसत्या आडनावाचा दोरा धरून मागं निघालं, तर ते म्हापणला न पोहोचता थेट मुधोळ-कापशीकडं भरकटेल, आणि तिथून त्या दंतकथेपर्यंत जाईल जिच्यात किल्ल्याच्या कड्यावर घोरपडीला दोर बांधून माणसं चढली. म्हणजे कोकणातल्या जोशांच्या वंशवृक्षाच्या मुळाशी एक सरपटणारा प्राणी निघेल. नारो महादेवांचे चिरंजीव व्यंकटराव. त्यांना बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी आपली लेक अनुबाई दिली. पहिल्या बाजीरावाची बहीण आमच्या गावची सून. नवऱ्यामागं तिनं जहागिरीचा कारभार हाकला, म्हणून तिची पत्रं राहिली, म्हणून तिचं नाव राहिलं. पुढं घराण्यात दत्तकही आले. कागदावर वंश अखंड आहे, रक्ताचं रक्तानं बघावं. त्यांचा राजवाडा अजून दिमाखात उभा आहे, फक्त १९८२ पासून तिथं कापड विणण्याचं अभियांत्रिकी शास्त्र शिकवतात. धोट्यानं तलवारीवर इतक्या सौम्यपणे मात केल्याचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आमच्यासारख्यांचं काय? आमचे पणजोबा रबकवीहून आले. तिकडं साड्या विणत, इकडं येऊन धोतरं विणू लागले. त्यांच्या सुनेनं, म्हणजे माझ्या आजीनं, शेवटपर्यंत देवाशी आणि मांजराशी कानडीतच बोलणं ठेवलं. पेशव्यांनी आम्हाला मुलगी दिली नाही आणि आम्हीही मागायला गेलो नाही. तेव्हा कुठली पत्रं आणि कुठली सनद! वडिलांच्या अस्थी घेऊन नाशिकला गेलो होतो, तेव्हा रामकुंडावर पायऱ्या उतरायच्या आतच पहिला प्रश्न आला, “आडनाव कुठलं? गाव?” सांगितलं. एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात, तिथून तिसऱ्या माडीवर, असं आमचं आडनाव हातोहात फिरलं आणि शेवटी आमचे उपाध्याय म्हणून एक कृश गृहस्थ पुढं आले. त्यांनी कपाटातून तांबड्या खारव्यात बांधलेलं लांबट बाड काढलं. मांडीवर ठेवून सोडलं तेव्हा त्यातून जुन्या कागदाचा जो वास आला तो मला ओळखीचा होता. गोदामात तळाच्या बाचक्याला असाच वास येतो. गावांच्या क्रमानं पानं होती. त्यांचं बोट कोल्हापूर, मिरज, हातकणंगले करत खाली आलं आणि थांबलं.

नोंद मोडीत होती. त्यांनी वाचून दाखवली. शके १८४०, मार्गशीर्ष. पणजोबा आले होते. बरोबर त्यांचा धाकटा भाऊ. कारण एका ओळीत: थोरला मुलगा, सून आणि आई, तिघांच्या अस्थी. शके १८४० म्हणजे १९१८ चा शेवट, ज्या साली इन्फ्लुएंझानं दिवाळीच्या आगंमागं घरं रिकामी केली. शेक्सपिअर जन्मला त्याच वर्षी, जुलैत, त्याच्या गावच्या दफनाच्या वहीत कुणीतरी लॅटिनमध्ये तीन शब्द टिपून ठेवले आहेत की इथं प्लेग सुरू झाला. आणि मग पानंच्या पानं नावं. आमच्या उपाध्यायांच्या पूर्वजानं तेवढंही लिहिलं नव्हतं. तीन नावं, नातं, आणि खाली दक्षिणा पावल्याची खूण. पणजोबांना लिहिता येत नसावं, कारण सहीच्या जागी निशाणी होती. शेतकरी नांगर काढतात तशी आमच्या माणसानं काढली होती धोट्याची. बोराएवढी. दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये कांडीची एक आडवी रेघ, आणि एका बाजूला, जिथून सूत बाहेर पडतं तिथं, मुद्दाम टेकवलेला बारीक ठिपका. तिघांच्या अस्थी हातात असलेल्या माणसाला तो ठिपका विसरता आला असता. कुणी बोललं नसतं. पण त्या ठिपक्याशिवाय धोटा चालत नाही, हे त्यांना माहीत होतं, आणि उपाध्यायांना ते माहीत नसलं तरी वहीत चुकीचा धोटा राहिलेला त्यांना खपला नसावा. मी बराच वेळ ते पान सोडलं नाही. उपाध्यायांनी मला घाई केली नाही. त्यांच्या धंद्यात हे नेहमीचं असणार. मग त्यांनी पेन पुढं केलं आणि म्हणाले, “आता तुम्ही लिहा. तुमची मुलं, त्यांची मुलं. स्वच्छ अक्षरात, बरं का. पुढचा येणारा वाचणार आहे.” जन्मभर अक्षरावर पोट भरलेल्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी स्वच्छ लिहायला सांगितलं.

कागदावर ज्यांचा विश्वास नाही त्यांच्यासाठी आपल्याकडं हेळवी आहेत, म्हणजे दारोदार फिरून घराण्याची वंशावळ म्हणणारे. पूर्वी बैलावर बसून घंटा वाजवत येत, आता मोटारसायकलवर येतात. सीमेपलीकडून, बेळगावच्या बाजूनं, सुगी उरकल्यावर. शिरोळ तालुक्यातल्या माझ्या एका शेतकरी मित्राच्या सोप्यात मी त्यांचं काम पाहिलं आहे. घोंगडं अंथरलं, तांब्या-भांडं आलं, आणि म्हाताऱ्या हेळव्यानं डोळे मिटून सुरुवात केली: अमक्याचा तमका, त्याचे चार, त्यातले दोन वरच्या गल्लीला गेले, एक निपुत्रिक, एकानं नदीकाठची पड जमीन फोडली. आवाजाला एक ठेका होता. घरातली पोरं आधी दारात उभी राहून फिदीफिदी हसत होती. मग त्यांच्याच आजोबांचं नाव ओघात आलं तशी गप झाली. मित्राच्या खापरपणजोबांपाशी हेळवी जरासा थांबला आणि डोळे उघडून म्हणाला, “ह्यांनी आमच्या आज्ज्याला दुभती म्हैस दिल्ती, मालक.” सोप्यात शांतता पसरली. वंशावळीच्या मध्यभागी ही म्हैस इतक्या अचूक ठिकाणी येऊन उभी राहिली होती की मित्रानं निमूटपणे पोत्याच्या तोंडाची सुतळी सोडायला घेतली. पाद्र्याला सरकार सांगत होतं, उपाध्यायांना दक्षिणा सांगते. पण स्मरणाला मेहनताना मागण्याची इतकी सभ्य रीत मी दुसरीकडं पाहिली नाही. नंतर पेन्सिल जिभेला लावून त्यानं मित्राच्या नव्या नातवाचं नाव वहीत घेतलं. नाव होतं ‘क्रियांश’. हेळव्यानं ते दोनदा विचारून घेतलं, लिहिलं, आणि समजूतदारपणे मान हलवली. असल्या नावांना आता त्याची वही सरावली असावी.

मित्राची आई चुलीपुढून हे सगळं ऐकत होती. हेळवी उठताना ती म्हणाली, “माझं कुठं आलं ह्यात?” हेळवी जुना माणूस, गांगरला नाही. “तुमचं तुमच्या माहेरी, आक्का.” आक्कानं पदर सावरला आणि म्हणाली, “तिथं म्हणतील सासरी.” या प्रश्नाला जगातली एकही वही धडपणे उत्तर देत नाही. इंग्लंडच्या वहीत ती अमक्याची बायको म्हणून लग्नात शिरते आणि तमक्याची विधवा म्हणून दफनात जाते. आपण तर लग्नातच ताटातल्या तांदळावर अंगठीनं तिचं नवं नाव गिरवतो. आडनावाबरोबर नावही बदललं की मागं जायची वाटच बुजली. माझ्या नाशिकच्या पानावर त्या साथीत गेलेल्या सुनेचं नाव ‘लक्ष्मी’ आहे. आमच्या घराण्यात येणाऱ्या पहिल्या सुनेचं नाव लक्ष्मीच ठेवत. म्हणजे मला तिचं नाव सापडलं नाही, तिचा हुद्दा सापडला.

२०२३ च्या दिवाळीच्या सुमाराला अवघा महाराष्ट्र असा पूर्वजांच्या मागं लागला होता. मराठा समाजातल्यांना कुणबी दाखले देण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती जुन्या कुणबी नोंदी तपासत होती, तहसील कचेऱ्यांत जन्म-मृत्यू टिपलेली जुनी कोतवाल बुकं बाहेर निघत होती, आणि मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना आयुष्यात पहिल्यांदा न्यायला गाडी येत होती. दाखल्यासाठी आलेली माणसं मी पाहिली. दाखल्यातली एकच ओळ हवी असायची. पण पान हाती आलं की नजर वर-खाली फिरायची, बोट कुठल्या तरी भलत्याच नावावर थबकायचं, “हे आमच्या आज्ज्याचं भाऊ, विहिरीत गेल्याले,” असं शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं जायचं. त्या नावाचा अर्जाशी काडीचा संबंध नसायचा. कोतवालाचा तर त्याहून नसावा. त्यानं ते लिहिलं, कारण महिनाअखेरीला वही दाखवायची होती.

हे सगळं मनात घोळत असताना मला आमच्या कारखान्याच्या हजेऱ्या आठवतात. कामगार सोलापूरचे, विजापूरचे, पुढं पुढं उत्तर प्रदेशाचे, बिहारचे, ओडिशाचे. हजेरीचा रकाना अरुंद. दोन राजू आले की एक राजू लंबा, एक राजू चष्मा. तिसरा आला तर राजू नवा, आणि तो वीस वर्षं टिकला तरी हजेरीत नवाच राहायचा. धंद्याची रीतच ती. सगळ्या कारखान्यांत तीच. त्या माणसानं वीस वर्षांत किती लाख मीटर कापड काढलं ते मीटरसकट तिथं आहे, फक्त तो कोण होता ते नाही. कारखाने बसले, माग किलोवर भंगारात गेले, आणि हजेऱ्या त्यांच्याही आधी रद्दीत गेल्या. उद्या गोरखपूरकडची कुणी मुलगी, इंग्लंडातल्या त्या बाईंच्याच चिकाटीनं, आपला पणजोबा शोधत इचलकरंजीत आली, तर तिला राजू लंबा दाखवायचा कुणी? आणि तिनं ओळखायचं कसं, पणजोबांच्या उंचीवरून?

म्हणून आज जे कुणी कारखान्यात, सोसायटीत, दवाखान्यात, शाळेत वही घेऊन किंवा संगणक घेऊन बसलेले आहेत, त्यांना या म्हाताऱ्या दिवाणजीची विनंती आहे. माणसाचं नाव पूर्ण लिहा. बापाचं लिहा, आईचं लिहा, गाव आणि तालुका लिहा. बाई असेल तर तिला माहेरचं नाव विचारा, ती आधी हसेल आणि मग सांगेल. रकाना अपुरा पडला तर खालची ओळ घ्या. मालक विचारतील, तर सांगा मी सांगितलं म्हणून.